आपांची एप्रिलची शाळा

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की बाकीचे मास्तर हातपाय ताणतात. आमच्या आपा पदर खोचायच्या. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सुतळीनं बांधून कपाटात टाकायचा, फळा ओल्या फडक्यानं लख्ख पुसायचा आणि वर्गाकडं वळून म्हणायचं, "चला, परीक्षेची कटकट गेली. आता शाळा सुरू." एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळच्या शाळेत, डोक्यावर पंखा कुरकुरत असताना हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा मला प्रामाणिकपणे वाटलं, बाईंचं वय झालंय, निवृत्ती वर्षावर आलीय, महिन्यांचा घोळ होणारच. मी मनातल्या मनात त्यांना माफसुद्धा करून टाकलं. लोकांना न विचारता माफ करायची माझी ही सवय पुढं माझ्याच अंगाशी आली.

येरमाळ्यापासून आत, डांबर संपतं तिथं आमची दोनशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी. कागदावर त्या शेख बाई, मुख्याध्यापक. गावात सगळ्यांच्या आपा. सरपंचाच्याही आपा आणि सरपंचाच्या नातवाच्याही आपा, कारण दोघांनाही बाराखडी त्यांनीच शिकवली होती. रोज कळंबहून एसटीनं यायच्या. चष्म्याला काळी दोरी आणि खांद्याला एक कापडी पिशवी. त्या पिशवीत डबा कमी आणि बाकीचा पसारा जास्त. सुताचं रीळ, कात्री, खळीची डबी, जुनी एसटीची तिकिटं आणि येडाईच्या चैत्री यात्रेत चुन्याच्या रानात वेचलेले पांढरे खडे. आपा स्वतः काही चुना वेचायला जायच्या नाहीत. पण यात्रेहून आलेलं प्रत्येक पोरगं मूठभर खडे त्यांना आणून द्यायचं आणि त्या खड्यांवर वर्षभर बेरीज-वजाबाकी चालायची.

मी त्या शाळेत रुजू झालो तो सव्वीस वर्षांचा, ताजातवाना आणि तंत्रस्नेही. हा शेवटचा शब्द मी तेव्हा स्वतःबद्दल बिनदिक्कत वापरत असे. खिशात दोन मोबाईल, गळ्यात पेनड्राईव्ह. शाळेला आठ टॅब मिळाले होते, ते आपांनी पेटीत कुलूपबंद ठेवले होते. मी आल्या आल्या ते बाहेर काढले, चार्ज केले आणि गावाला पटवून वर्गणीतून त्रेचाळीस इंची टीव्ही आणवला. तेव्हापासून आपांनी माझं नाव ठेवलं, बटणसर. "बटणसर, तुमचा वर्ग लई गप हाय, काय बंद पडलं का?" असं त्या मुलांसमोर विचारायच्या. मुलांसमोर मला कायम 'तुम्ही'. चहाच्या वेळी ऑफिसात बसलो की 'तू' आणि 'बेटा'. त्यामुळं आता शाबासकी मिळणार की बोलणी बसणार, हे मला त्यांच्या पहिल्या शब्दावरून कळायचं. 'बेटा' आला की मी कप खाली ठेवायचो.

टीव्हीचं उद्घाटन पंधरा ऑगस्टला ठेवलं होतं. झेंडावंदन झालं, नारळ फुटला, गाव वर्गात दाटीवाटीनं बसलं. मी रिमोट दाबला आणि पडद्यावर अक्षरं आली : अपडेट सुरू आहे, कृपया बंद करू नका. खाली एक टक्का. मी म्हणालो, दोन मिनिटं. पंधरा मिनिटांनी सात टक्के झाले. म्हातारी माणसं उठायला लागली, माझ्या शर्टाची पाठ ओली झाली. तेवढ्यात आपा खडू घेऊन उभ्या राहिल्या. "बसा, बसा. शंभरातले सात झाले. राहिले किती?" पोरं ओरडली, "त्र्याण्णव!" मग आपांनी पोरांना सोडलं आणि बापांना धरलं. "पाटील, सत्तावीस झाले. राहिले किती?" पाटील बोटं मोजायला लागले तसा मागून बायकांचा हशा आला. पाऊण तास गावानं वजाबाकी केली. शेवटी टीव्ही चालू झाला, मी केलेली 'आपली शाळा' नावाची चित्रफीत लागली आणि ती कुणाच्याही लक्षात राहिली नाही. सत्तावीस टक्क्यांशी अडलेले पाटील मात्र गावाच्या अजून लक्षात आहेत.

आपांची हजेरी हा एक वेगळाच प्रकार होता. दिवाळी झाली की आमच्या भागातल्या टोळ्या ऊस तोडायला जातात आणि त्यांच्याबरोबर पोरंही जातात. आमच्या शाळेतली सहा पोरं जायची. आपा मात्र सहाही नावं रोज घ्यायच्या. "मनीषा." सगळा वर्ग एका सुरात, "उसाला!" आपा म्हणायच्या, "येईल." पुढचं नाव. "उसाला!" "येईल." नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. मला हा वेळेचा अपव्यय बघवेना. एक दिवस मी त्यांना मोबाईलवर माझं हजेरीचं पत्रक दाखवलं. "आपा, यात ही सहा नावं मी एकदाच गैरहजर टाकतो, एप्रिलपर्यंत आपोआप येत राहतात. रोज तोंड दुखवायला नको."

आपांनी चष्मा नाकावर सरकवून पत्रक नीट बघितलं. "लिहायला गैरहजरच लिही, बेटा. खोटं लिहू नको. पण नाव घ्यायचं. नाव घ्यायचं सोडलं की पोरगं जातं."

कप खाली ठेवायला मी विसरलो होतो, त्यामुळं चहा सांडला, एवढंच मला त्या दिवशी कळलं.

तर एप्रिल. परीक्षा झाली की बाकीची शाळा ओस पडायची आणि आमची भरायची. आपा पोरांना सुताचं रीळ देऊन शाळा मोजायला लावायच्या. वर्ग किती दोऱ्या लांब, कडुलिंब किती दोऱ्या जाड, सरांचं पोट किती दोऱ्या. कणकेची खळ करून फाटकी पुस्तकं जोडायची, कारण ती पुढच्या वर्गाला जायची. एसटीच्या तिकिटांवरची गावं वाचायची आणि ती फळ्यावर जागच्या जागी मांडायची. निकाल लागेपर्यंत ना धडा, ना गृहपाठ. पहिल्या वर्षी मला वाटलं, वेळकाढूपणा. दुसऱ्या वर्षी कळलं. कळण्यासाठी मला एका पोरीला शून्य द्यावं लागलं.

कळलं ते असं. टोळ्या परततात त्या चैत्रात, यात्रेच्या आगेमागे. तोवर आमची परीक्षा होऊन गेलेली असते. पाच महिने उसात काढून आलेलं पोर शाळेच्या दारात येतं तेव्हा बाकीच्यांचं वर्ष संपलेलं असतं. त्या पोरांसाठी आपांनी वर्षाच्या शेपटीला एक दुसरी शाळा जोडली होती. तिथं कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही, कारण दोरीनं कडुलिंब मोजायला सगळेच नवखे. या तीन आठवड्यांत पोर रमलं तर जूनमध्ये परत येतं. नाही रमलं तर पुढच्या हंगामाला ते धाकट्या भावंडाला सांभाळायला जातं आणि मग नाव फक्त हजेरीतच उरतं. हे सगळं आपांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांना वाटत असणार, डोळे आहेत, दिसेलच.

दुसऱ्या वर्षीचा एप्रिल हा आपांचा शेवटचा. मे अखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. मी ठरवलं, आपांच्या निरोपाला असा काही उपक्रम करायचा की केंद्रातल्या साऱ्या शाळांत नाव निघालं पाहिजे. डिजिटल प्रश्नमंजुषा! तिसरी-चौथीची एकवीस पोरं, आठ टॅब, तीन फेऱ्या. प्रश्न टीव्हीवर येणार, पोरांनी टॅबवर बोट ठेवून उत्तर दाबायचं, एका प्रश्नाला दहा सेकंद. पडद्यावर नावं शर्यतीतल्या बैलांसारखी पुढं-मागं पळणार आणि शेवटी रंगीत कागद उडणार. कागदही पडद्यावरच, झाडायची कटकट नाही.

मनीषा त्याच्या आदल्या दिवशीच शाळेत आली होती. तिसरीतली, उन्हानं रापलेली, दोन वेण्या आणि उजव्या हाताच्या बोटाला चिंधी. मागच्या भिंतीला टेकून बसली होती. मीच तिला उत्साहानं पुढं आणलं. "ये, ये, तूही खेळ. सोपं आहे."

खेळ रंगला. पोरं किंचाळत होती, मी त्यांच्यापेक्षा जास्त. शेवटी यादी आली, कागद उडाले, मी फोटो काढला आणि तिथंच उभ्या उभ्या पालकांच्या गटावर टाकला. वर मजकूर : विजेत्यांचे हार्दिक अभिनंदन. पुढं तीन गुलाब. मी बघत होतो वरच्या तीन नावांकडं. मास्तरांचा हा जुना दोष आहे, टीव्हीनं तो फक्त त्रेचाळीस इंची केला. यादीच्या तळाला लाल अक्षरात होतं : मनीषा, शून्य.

दुसऱ्या दिवशी हजेरीला आपांनी नाव घेतलं. "मनीषा."

वर्गाला 'उसाला' म्हणायची सोय नव्हती. मग तिच्या शेजारची एक पोरगी म्हणाली, "घरी हाय, आपा. येत न्हाय म्हणली."

आपांची पेन्सिल हजेरीपटावर थांबली. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या 'येईल' म्हणाल्या नाहीत. त्यांनी पुढचं नाव घेतलं.

चहाच्या वेळी मी आपणहूनच कप खाली ठेवला.

"बेटा, तिचं बोट बघितलंस का?"

"चिंधी होती."

"उसाच्या पात्यानं कापलंय. म्या तिच्याजवळ बसले होते. दहातली सात उत्तरं पोरीनं बरोबर दाबली. दाबून दाबून बोट दुखलं तिचं. तुझ्या त्या पाटीला चिंधी कळत न्हाय."

"मग आपा, तेव्हाच सांगायचं ना!"

"सांगायला उठले, तर तू गुलाब टाकत होतास."

आपा वर्गावर गेल्यावर मी ऑफिसाचं दार लोटलं, रुमाल बोटाला गुंडाळला आणि टॅबवर ठेवला. काही नाही. दाबला. काही नाही. दहा सेकंद झाले आणि टॅबनं मला सांगितलं, वेळ संपली.

संध्याकाळी मी एकटाच मनीषाच्या घरी गेलो. माझं असं आहे की घाबरलो की माझ्या तोंडातून परिपत्रक बाहेर पडतं. तिचे वडील, गोरखभाऊ, दारात कोयत्याला नवी मूठ बसवत होते. मी म्हणालो, "भाऊ, तांत्रिक अडचणीमुळे गुणांकनात त्रुटी राहिली आहे."

गोरखभाऊंनी मान वर केली. "म्हंजी पास का नापास?"

"तसं नाही. म्हणजे, ती नोंद ग्राह्य धरू नये."

"सर, आमी शिकल्यालो न्हाय, पण शून्य कसा दिसतो ते कळतं. साऱ्या गावाच्या फोनात गेलाय. माझ्या मेव्हण्यानं मला वाशीवरनं फोन केला, म्हणला पोरगी गाजली की." त्यांनी मूठ दगडावर आपटून बसवली. "ती म्हणती, आता न्हाय जायची. म्या म्हणलं, राहू दे. तवा पुढल्या हंगामाला धाकट्याजवळ कोण तरी लागतंयच."

मनीषा आत चुलीपाशी होती. मला बघून तिनं चिंधीचा हात ओढणीखाली घेतला. परतताना माझी गाडी गावातल्या एका गटारात गेली, हे मी केवळ हिशेब पूर्ण व्हावा म्हणून सांगतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आपा म्हणाल्या, "काढ तुझी गाडी." पिशवी मांडीवर घेऊन त्या मागं एकअंगी बसल्या. "हळू घे. माझी पेन्शन अजून कागदावर हाय." वाटेत मी शंभरदा माफीचं वाक्य जुळवलं. आपांनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "तू फकस्त गाडी लाव. तोंड म्या उघडते."

आपा दारात दिसताच मनीषाची आई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिथं मला दुसरी गोष्ट कळली. "आपाचा फोन यायचा की दर शनवारी," ती मला सांगायला लागली, "मुकादमाच्या फोनवर. पोरीकडनं पाढे म्हणून घ्यायच्या. ट्रॅक्टरचा आवाज, त्यात ही वरडायची. आमाला बी पाठ झाला तेराचा पाढा, मोळ्या बांधता बांधता." माझ्या खिशात दोन मोबाईल होते. आपांचा एकच, बटणांचा, टेपनं चिकटवलेला. तंत्रस्नेही कोण, हे तिथं मला कुणी विचारलं नाही, हे नशीब.

आपांनी शून्याचा विषयच काढला नाही. चहा झाला, उन्हाचं झालं, पावसाचं झालं. मग उठता उठता म्हणाल्या, "गोरख, एक अडचण हाय बघ. ह्या सरांच्या टीव्हीत सगळी दुनिया दिसती म्हणं, पण तुमचा कारखाना सापडंना. म्या सांगून दमले, मलाच ठावं न्हाय तर काय सांगू? कुणाला तरी रस्ता दाखवायला पाठव उद्या."

गोरखभाऊ हसले. "म्या कुठं येऊ, आपा? डाळिंबाच्या बागंवर रोजानं जायचंय."

"मग राहू दे. बघू कुणी दुसरं."

"हिलाच ठावं हाय की," गोरखभाऊंनी आत मान वळवली. "येता-जाता ट्रॉलीवर पुढं बसती, सारा रस्ता तोंडपाठ हाय. ए मने, उद्या सरांना रस्ता दाखीव जा जरा."

मला रस्ता दाखवायची गरज आहे, याबद्दल त्या घरात कुणालाच शंका वाटली नाही.

सकाळी मनीषा आली. तिच्या मागं, बागेवर जाता जाता, गोरखभाऊ खिडकीशी थांबले. मी टीव्हीवर नकाशा लावला, आकाशातून काढलेला, ज्यात झाडं आणि छपरंही दिसतात. येरमाळा सापडलं. "आता?" मी विचारलं.

मनीषानं चिंधीचं बोट पडद्याकडं नेलं आणि मागं घेतलं. आपांनी तिच्या हातात पट्टी दिली. "टीव्हीला बोटानं कळत न्हाय. हिनं दाखीव."

"बार्शीकडं घ्या," ती हळूच म्हणाली. मी बार्शीकडं घेतलं. "मग कुर्डुवाडी. रेल्वेचं फाटक लागतं, तिथं लई येळ थांबाया लागतं." पट्टी पुढं सरकली. "आता मोठी नदी. पुलावर ट्रॅक्टर हळू घेत्यात. न्हाय सर, तिकडं न्हाय, डावीकडं! तुमी कुठं निघालाव?" वर्ग हसला, मी परत डावीकडं आलो. तिचा आवाज वाढत चालला. कुठल्या गावात विहिरीचं पाणी खारट, कुठल्या ढाब्यावर कुत्रा चावतो, कुठं पाटी वाकलीय. मग ती एकदम म्हणाली, "थांबा, थांबा! त्या दोन धुराड्या बघा. आता पाटाच्या कडंनं खाली. अजून खाली. मोठं करा."

मी मोठं केलं. हिरव्या फडाच्या कडेला पिवळट रान होतं आणि त्यात तिळाएवढे काळे ठिपके, रांगेत. चित्र कुठल्या वर्षीचं होतं कुणास ठाऊक. मनीषानं ठिपके मोजले आणि पट्टी चौथ्यावर ठेवली.

"ही आमची कोपी."

आपा खुर्चीवरून उठल्या, चष्मा कपाळावर घेऊन टीव्हीला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या आणि त्या ठिपक्याकडं बघत राहिल्या. दोन वर्षं त्या टीव्हीला त्यांनी हातही लावला नव्हता. पदरानं त्यांनी तेवढीच जागा पुसली.

मग प्रश्न सुरू झाले. कोपीत, म्हणजे त्या पाचटाच्या झोपडीत, लाईट असते का? साप येतो का? एका मोळीत ऊस किती, एका ट्रॉलीत मोळ्या किती? मनीषा सांगत होती, आपा फळ्यावर मांडत होत्या, पोरं गुणाकार करत होती. खिडकीबाहेर बागेची वेळ टळून गेली होती आणि गोरखभाऊ गजाला धरून उभेच होते.

शेवटी आपांनी फळा पुसला. "हां. आता परीक्षा. इथनं कारखान्याचा रस्ता कुणाकुणाला ठावं होता? हात वर."

एकच हात वर आला. चिंधीचा.

आपांनी मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहिलं : मनीषा, दहापैकी दहा. त्याखाली एकेक करून वीस नावं आणि प्रत्येकापुढं शून्य. पोरं खिदळत होती, आपलं शून्य नीट गोल आलंय का बघत होती. मग त्यांनी सगळ्यात खाली लिहिलं, बटणसर. शून्य. क्षणभर थांबून त्यांनी ते लाल खडूनं गिरवलं.

"काढा फोटो," त्या म्हणाल्या. "टाका गटावर. गुलाब विसरू नका."

मी टाकला. तीन गुलाब. त्या गटावर इतके हसरे चेहरे ना पूर्वी कधी आले ना नंतर. केंद्रप्रमुखांनी अंगठा दाखवला. तो कुणासाठी होता, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. दुपारी वाशीहून गोरखभाऊंच्या मेव्हण्याचा फोन आला म्हणे. या वेळी त्यांनी विचारलं, "हे बटणसर कोण रे?"

निकालाच्या दिवशी आपांनी प्रगतिपुस्तकं वाटली आणि मनीषाला वरून एक कोरी वही दिली. "जाताना वाटंला पाट्या लागत्यात ना? त्या लिहायच्या. जशा दिसतील तशा." निरोपाचं भाषण करू दिलं नाही. गावानं आणलेली शाल घेतली आणि त्यातच पिशवीतले चुन्याचे खडे बांधून माझ्या हातात ठेवले. मुलं अंगणात होती, ऑफिसात आम्ही दोघंच. म्हणजे 'तू'ची वेळ. पण त्या म्हणाल्या, "सर, आता वर्ग तुमचा. नावं घेत जा." त्या एका 'तुम्ही'नं माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी वळलो तो दाराच्या चौकटीवर आपटलो. आपा हसल्या. एसटी आली, त्या गेल्या.

जूनमध्ये मनीषा आली. चौथीत बसली. दिवाळीनंतर टोळीबरोबर गेली, कारण जग काही एका फळ्यानं बदलत नाही. मी रोज नाव घेऊ लागलो. "मनीषा." "उसाला!" "येईल." हा शब्द वाटतो तितका सोपा नाही. पहिल्या महिन्यात मी तो नुसता उच्चारत होतो. फेब्रुवारीत माझ्या लक्षात आलं, तो म्हणताना मी दाराकडं बघतोय. शनिवारी मुकादमाला फोन लावायचो. ट्रॅक्टरच्या आवाजात सतराचा पाढा ऐकायचो आणि तिच्यापेक्षा मीच जास्त चुकायचो.

एप्रिलमध्ये परीक्षा संपली. मी गठ्ठा बांधला, फळा पुसला आणि म्हणालो, "चला, आता शाळा सुरू." नव्यानं रुजू झालेल्या मॅडमनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती माझ्या चांगलीच ओळखीची होती. त्यांनी मला मनातल्या मनात माफ केलं असणार.

टोळ्या आल्या. पाच पोरं आली. मनीषाची टोळी मागं राहिली होती, फड संपला नव्हता. आपांचा फोन रोज यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"आली का?"

"अजून नाही, आपा."

"नाव घेतोस का?"

"रोज."

"हं." फोन बंद.

पाचव्या दिवशी मी टीव्हीच्या मागं वाकून वायर जोडत होतो, तेव्हा दारातून आवाज आला, "सर, परीक्षा झाली का?"

"झाली."

"मग बरं झालं," मनीषा म्हणाली आणि आत येऊन तिनं वही माझ्यापुढं धरली. कडा मळलेल्या, मधल्या दोन पानांवर चहाचं वर्तुळ. शिसपेन्सिलीनं ओळी लिहिल्या होत्या. येथे पंक्चर काढून मिळेल. पुढे वळण आहे. ताजा उसाचा रस. गतिरोधक. शेवटच्या पानावर होतं : वाहने सावकाश चलवा, घरी कोणीतरी वाट पाहत आहे. त्याखाली, कुठल्याच पाटीवर नसणारी, तिची स्वतःची ओळ : शाळेत पण.

मी फोटो काढला. बोट सवयीनं पालकांच्या गटाकडं गेलं होतं, ते मागं घेतलं. आपांच्या बटणांच्या फोनवर चित्र जात नाही, म्हणून त्यांच्या सुनेच्या नंबरवर पाठवलं. दोन मिनिटांत फोन वाजला. मी काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला, "आली." आणि मग घसा साफ करून, "'चालवा'ला काना राहिलाय बघ एक. सांग तिला. आन् लाव तुझा टीव्ही, यंदाचा रस्ता बघू द्या पोरांना."

मी वर्ग गोळा केला, ऐटीत रिमोट दाबला. पडद्यावर अक्षरं आली : अपडेट सुरू आहे, कृपया बंद करू नका. नव्या मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. मनीषानं पिशवीतली पट्टी काढली आणि पडद्यावर टेकवली.

"सत्तावीस झाले," ती वर्गाला म्हणाली. "राहिले किती?"